ओट्यापुढचे पाय

उभ्यानं काम करणाऱ्या बायकांच्या पायांविषयी आमच्याकडं फार कमी बोललं जातं. कंबर, मान, गुडघा यांची चौकशी होते. टाच दुखते म्हटलं की "वय झालं", "वजन कमी कर" नाहीतर "हाड वाढलं असेल" एवढ्यावर विषय संपतो. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत खानावळ चालवते. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावाहून शिकायला आणि नोकरीला आलेली मुलं. सकाळी ओट्यापुढं उभी राहिले की दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत, आणि पुन्हा दिवेलागणीपासून रात्री भांडी होईपर्यंत माझं सगळं काम पायांवर चालतं. खाली शहाबादी फरशी आणि पायात काही नाही. त्यात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आमच्याकडं मटणाचे वार. त्या दिवशी भाकऱ्यांची चळत संपता संपत नाही.

माझं दुखणं उजव्या टाचेचं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला, अशी सणक जायची की मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागायचं. थोडं चाललं की कळ कमी व्हायची आणि कामाच्या धबडग्यात तिचा विसरही पडायचा. दुपारी जरा पाठ टेकून उठलं की पुन्हा तीच सणक. रात्री मात्र वेगळंच, टाचेत खोलवर ठणका. सोमवारची, गुरुवारची आणि शनिवारची सकाळ बाकी दिवसांपेक्षा वाईट जाते, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावता येत नव्हता.

शेजारच्या काकूंनी विटेचा शेक सांगितला. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं अंथरायची आणि सोसेल तशी टाच टेकवायची. आमच्या आधीच्या पिढीनं हेच केलं आणि मीही केलं. बरं वाटायचं. ऊब मिळाली की कळ मंदावते यात काही खोटं नाही, पण दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल होतं तसंच राहायचं.

मग अस्थिरोगतज्ज्ञांकडं गेले. त्यांनी दोन्ही टाचांचे एक्स-रे काढायला सांगितले. उजव्या टाचेच्या हाडाला तळाशी एक टोकदार काटा आलेला दिसत होता. माझ्या मनात आलं की सापडलं कारण. डॉक्टरांनी दुसरी फिल्म शेजारी लावली. डाव्या टाचेलाही तसाच काटा होता, आणि डावी टाच मला कधी दुखलेली नव्हती. ते म्हणाले, "पायाची काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एक्स-रे काढले तरी कितीतरी जणांना असा काटा सापडतो. तो टोचतो म्हणून दुखतं असं नाही. तो काढायचा विचारही मनात आणू नका." टाचेत इंजेक्शन घेतात ना, असं मी विचारलं. त्यांनी तोही पर्याय नीट समजावला. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे चांगला आराम पडतो, पण तो टिकेलच असं नाही. पुन्हा पुन्हा घेतल्यास तळपायाचा पडदा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. दिवसभर टाचेवर उभं राहणाऱ्या माणसाची ती गादीच झिजली तर पुढं काय, हा विचार करून मी इंजेक्शन बाजूला ठेवलं. त्यांनी मला राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं, आणि माझ्या मते खरी चिकित्सा तिथं सुरू झाली.

ही फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. मला काकू म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं पायाला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असते का? रात्री दुखण्यानं जाग येते का? टाचेत मुंग्या येतात का, बधिरपणा जाणवतो का? एकच पोटरी सुजून गरम होते का? इतक्यात कुठली अँटिबायोटिक घेतली का? टाच दुखते आणि ही कंबर कसली विचारते, असं मला वाटलं, आणि तसं मी विचारलंही. तिनं एकेका प्रश्नाचं कारण सांगितलं. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि कंबर सकाळी बराच वेळ आखडत असेल, तर तो सांध्यांच्या आणि मणक्याच्या दाहाचा आजार असू शकतो. त्याला संधिवाताचे डॉक्टर लागतात. निजल्यावरही थांबत नाही अशा दुखण्याला हाडाची भेग, जंतुसंसर्ग यांची शंका घ्यावी लागते. मुंग्या आणि जळजळ म्हणजे नस दाबली गेली असेल. एकाच पोटरीला सूज आणि ठणका असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाली नाही ना, हे त्याच दिवशी बघायचं असतं, तिथं चोळत बसायचं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिकांनी टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी, दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. माझ्याकडं यातलं काही नव्हतं. तरीही हे प्रश्न मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण टाचदुखी म्हटलं की सगळ्यांना एकच तेल आणि एकच चप्पल सांगण्याची आपल्याकडं पद्धत आहे.

"आता एका बोटानं दाखवा," ती म्हणाली. "तळहातानं नाही, काकू. एका बोटानं."

मी बोट ठेवलं. तिनं तिथं अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठायचीच राहिले. मग तिनं माझ्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला वाकवला. टाचेला हातही न लावता टाचेत कळ आली. याचं मला फार नवल वाटलं, आणि तिथून पुढं तिनं जे समजावलं त्यानं माझ्या पायाकडं बघण्याची माझी नजरच बदलली.

एका पावलात २६ हाडं असतात आणि ती मिळून एक कमान तयार होते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायातून एक जाड, चिवट पडदा जातो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पाऊल म्हणजे धनुष्य धरलं तर हा पडदा म्हणजे त्याची दोरी. चालताना आपण टाच उचलतो तेव्हा बोटं वर वाकतात, दोरी अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळली जाते, ताणली जाते आणि कमान घट्ट होते. त्या घट्ट कमानीवर जोर देऊन आपण पुढं जातो. हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे गणित मांडलं. मी दिवसातून हजारो वेळा ती दोरी ताणत होते, वर तासन्‌तास तिच्यावर सगळा भार टाकून उभी राहत होते. तिचं टोक जिथं टाचेच्या हाडाला जोडलेलं असतं तिथं झीज होते. सुरुवातीला थोडा दाह असतो, पण दुखणं जुनं झालं की तिथं सूज कमी आणि धाग्यांची विसकटलेली वीण जास्त असते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पडदा आणि पोटरी दोन्ही आखडतात, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताण बसतो. पहिलं पाऊल एवढं का दुखतं, हे मला तेव्हा उमगलं.

तिनं मला एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली करायला सांगितलं. डाव्या पायावर जेवढ्या वेळा जमलं, त्याच्या निम्म्यानंही उजव्यावर जमलं नाही. भिंतीपुढं पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला, तिथंही उजवा घोटा कमी वाकला. पोटरी आखडलेली होती आणि कमजोरही होती. पोटरी काम करत नाही म्हणून तळपायावर जास्त भार येतो, असा तिचा निष्कर्ष होता. "विश्रांतीनं कळ थांबेल," ती म्हणाली, "पण तुम्ही पुन्हा ओट्यापुढं उभ्या राहिलात की परत येईल. हा पडदा आणि ही पोटरी तुमच्या कामाइतकी दणकट करायला हवी. त्यांना मापानं काम द्यायचं."

हे वाक्य मला पटायला वेळ लागला, कारण दुखणाऱ्या अवयवाला काम द्यायचं हे आपल्याला शिकवलेलंच नाही. पण आज मला कुणी या दुखण्याचं विचारलं तर मी हेच सांगते. नुसता आराम नको आणि नुसतं सोसणंही नको, मापानं काम द्या.

माप कसं ठरवायचं ते सांगते. पहिला व्यायाम सकाळी उठायच्या आधीचा. अंथरुणातच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं मागं ओढायची, तळपायातली दोरी दुसऱ्या हाताला कडक लागते का बघायचं आणि दहा सेकंद धरायचं. असं दहा वेळा. मगच पाय जमिनीला लावायचा. दुपारी पाठ टेकून उठतानाही तेच. एवढ्यानंच पहिल्या पावलाची धार कमी झाली.

दुसरा व्यायाम ताकदीचा, आणि तोच महत्त्वाचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली पंचाची गुंडाळी घ्यायची म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात आणि दोरी ताणात येते. कठड्याला हात धरायचा. तीन आकडे मोजत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकडे मोजत खाली. घाई केली की व्यायाम वाया गेला. सुरुवात दोन्ही पायांवर, मग एका पायावर. एका दमात बारा जमतील एवढंच वजन ठेवून तीन फेऱ्या. ते सोपं झालं की वजन वाढवायचं, वेळा कमी करायच्या आणि फेऱ्या वाढवायच्या. वजन म्हणून मी थोरल्या मुलाची सॅक पाठीवर घेऊन तिच्यात जोंधळ्याची पिशवी ठेवायची. ही पद्धत डेन्मार्कचे मायकेल राथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर तपासली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणारे नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच पुढं होते. वर्षभरानं मात्र दोन्ही गट सारखेच झाले. ही दुसरी बाजूही तिनंच मला सांगितली, आणि म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला. टाचदुखीचे बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय वर्षभरात बरे होतात. आपल्या हातात आहे ते वर्ष थोडं सुसह्य करणं.

व्यायाम एक दिवसाआड करायचा होता. कुठल्या वारी करायचा, हे ठरवताना मला माझ्या सोमवार-गुरुवार-शनिवारचं कोडं सुटलं. ती म्हणाली, "आज किती भार पडला ते टाच तुम्हाला उद्या सकाळी सांगते." बुधवारच्या मटणाच्या दिवसाचं उत्तर गुरुवारी सकाळी, शुक्रवारचं शनिवारी आणि रविवारचं सोमवारी मिळत होतं. मी ताकदीचा व्यायाम सोमवार, गुरुवार आणि शनिवार असा लावून घेतला, म्हणजे उभं राहण्याचा जास्त भार आणि व्यायामाचा भार एका दिवशी पडायचा नाही. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या खेपेला वजन कमी करायचं, हा नियम. कॅलेंडरवर मी रोज सकाळी शून्य ते दहामधला एक आकडा लिहीत गेले. दूधवाल्याच्या हिशेबाखाली टाचेचा हिशेब. बरं होणं सरळ रेषेत नसतं हे त्या आकड्यांवरून दिसायचं. आठवडाभर उतरून आकडा पुन्हा चढायचा, पण चढताना आधीच्या उंचीला पोचायचा नाही.

व्यायामाइतकाच वाद पायातल्या वस्तूवरून झाला. तिनं सांगितलं होतं, घरात आणि ओट्यापुढं टाचेखाली मऊ आणि जरा उंच तळ असलेली चप्पल घालायची, फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या. स्वयंपाकघरात चप्पल त्यांना कशी सोसावी? त्यांचं म्हणणं मला मोडायचं नव्हतं. जिथं अन्न शिजतं तिथं बाहेरची धूळ नको, हे मलाही पटतं. आम्ही असं ठरवलं की नवी धुता येणारी चप्पल फक्त स्वयंपाकघरापुरती. ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही आणि देवघराकडं जाताना काढायची. ओट्यापुढं जाड रबरी मॅट टाकली. मला वाटतं, पैशाच्या हिशेबात या सगळ्या उपचारात सर्वांत जास्त उपयोग त्या मॅटचा झाला. एका जागी ठोकळ्यागत उभं राहण्यापेक्षा एक पाय छोट्या पाटावर ठेवायचा आणि मधूनमधून बदलायचा, हेही जमलं. कांदा चिरणं, मसाला निवडणं ही कामं बसून करायला लागले.

आता कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, हातानं शिवलेलं, असं पायताण दुसरीकडं मिळायचं नाही. पण ती सपाट असते, तळ कडक असतो आणि टाच मागून धरलेली नसते. दुखऱ्या टाचेला नेमकं याच्या उलट हवं असतं. म्हणून ती मी बरी होईपर्यंत कपाटात ठेवली. आता लग्नाकार्याला घालते, पण दिवसभराच्या उभ्या कामाला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते नवरात्र. लग्न झाल्यापासून मी नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी असते. पहाटे अंबाबाईला जायचं, पायात काही न घालता. त्या वेळी टाच निम्म्यानं बरी होती. मी फिजिओला सरळ सांगितलं की हे मला सोडायचं नाही. तिनं नको म्हटलं नाही. किती चालता, रांगेत किती वेळ उभं राहता, देवळातली फरशी कशी आहे, सगळं विचारलं. मग तिनं पावलाला चिकटपट्टी बांधायची पद्धत दाखवली. टाचेच्या मागून घेऊन चवड्यापर्यंत आणि तळपायाखालून आडवी, अशी की कमानीला आधार मिळतो. त्यानं काही दिवसांपुरता भार हलका होतो, आजार जात नाही, हेही सांगितलं. आत्तींनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. "देवळाच्या दारापर्यंत चप्पल घाल. आत तर सगळेच अनवाणी असतात." मी नवरात्राचा नेम देवळाच्या आवारापुरता आणि घरातल्या घटापुरता ठेवला. पट्टी बांधून, गर्दी व्हायच्या आत, पहाटेच गेले. ताकदीचा व्यायाम त्या नऊ दिवसांत हलका केला. पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर चढले नाही याची रुखरुख राहिली, ती खोटी कशाला सांगू? पण नवरात्र संपल्यावर कॅलेंडरवरचा आकडा चढला नव्हता.

थोरल्याचं दुखणं या सगळ्याच्या मधेच आलं. तो पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे शाहू स्टेडियमवर सामन्याच्या दिवशी बसल्याशिवाय कळत नाही. हंगामाच्या तोंडावर त्यानं एकदम पळणं वाढवलं. सकाळी डांबरी रस्त्यानं रंकाळा, संध्याकाळी कडक झालेल्या मैदानावर सराव. काही आठवड्यांत दोन्ही नडग्या आतल्या कडेनं दुखायला लागल्या. पळायला सुरुवात केली की दुखायचं, अंग तापलं की कमी व्हायचं, रात्री पुन्हा. पोरं स्प्रे मारून खेळत राहतात.

मी त्याला त्याच मुलीकडं नेलं. तिनं नडगीच्या आतल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट दाबत नेलं. दुखणारी जागा वीतभर पसरलेली होती. तिनं एका पायावर उड्या मारायला लावल्या. उडी मारल्यावर एकाच ठिकाणी भाला घुसल्यागत कळ येत नव्हती. यातून तिनं काय ओळखलं, ते प्रत्येक खेळाडूच्या आईबापानं ऐकण्यासारखं आहे. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर बहुधा हाडाच्या कडेवर आणि तिथं चिकटलेल्या स्नायूंवर आलेला ताण असतो. बोटाच्या टोकाएवढी एकच जागा दुखत असेल, निजल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला भेग गेल्याची शंका घ्यायची. अशी भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत दिसतेच असं नाही, एमआरआय लागू शकतो. आणि पळताना नडगी फुगून टणक होत असेल, पाऊल बधिर होत असेल, आणि थांबल्यावर ते ओसरत असेल तर तो तिसराच प्रकार, त्याला सर्जननं बघायला हवं.

हाड जिवंत असतं, भार वाढला की ते स्वतःला नव्यानं बांधतं. पण बांधायच्या आधी ते जुनं थोडं पोखरतं. त्या मधल्या आठवड्यांत ते उलट कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच पोरं जास्त पळतात. तिनं त्याचं पळणं थांबवलं, पण खेळाडूपण थांबवलं नाही. सायकल, पोहणं आणि पोटरीचे व्यायाम दिले. गुडघा वाकवून टाच उचलण्याचा व्यायाम मुद्दाम दिला, कारण त्यानं पोटरीच्या आतला स्नायू कामाला लागतो. रोजचं चालणं दुखेनासं झाल्यावर एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं असं सुरू केलं. डांबराऐवजी मातीची वाट, लांब ढांगांऐवजी छोटी, भरभर पावलं. त्याला जुलैतल्या पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जायचं होतं. त्यासाठी आधी शनिवार-रविवारी जोतिबाचा डोंगर चढून त्यानं पाय तयार केले. त्या हंगामातले सामने त्याचे हुकले, त्यानं ते मनाला फार लावून घेतलं. मी त्याला माझं कॅलेंडर दाखवलं. त्यानं काही न बोलता स्वतःचा एक रकाना आखला.

टाचेच्या मागं, जिथं पोटरीची जाड कंडरा उतरते, तिथं दुखत असेल तर त्याची रीत थोडी वेगळी आहे, तेवढं इथं सांगून ठेवते. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन यांनी पायरीवरून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम बारा आठवडे, रोज दोन वेळा, करून घेतला आणि तो जगभर रूढ झाला. पण दुखणं कंडरेच्या अगदी शेवटी, टाचेच्या हाडाशीच असेल तर टाच पायरीखाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच थांबायचं.

आमच्याकडं भांड्यांना येणाऱ्या मावशींचा घोटा मुरगळला तो मोरीच्या उंबऱ्यावर. पाऊल आत वळलं, बाहेरच्या बाजूला टेंगूळ आलं. पेठेतल्या सवयीप्रमाणं सगळे म्हणाले, वस्तादांकडं न्या, मुरगळा काढतील. वस्तादांच्या हातगुणाबद्दल मला आदर आहे, पण ताज्या मुरगळ्यावर जोरानं चोळण्याआधी हाड मोडलं नाही ना, हे बघायला हवं. त्यासाठी १९९२ पासून डॉक्टर वापरतात तो नियम सोपा आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक, पावलाच्या बाहेरच्या कडेवरचं मधलं उंच हाड, आतल्या बाजूचं मधलं हाड, यांपैकी कुठं दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलं टाकताच येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. मावशी लंगडत का होईना चालत होत्या आणि हाडावर दुखत नव्हतं. बर्फाचा शेक फडक्यातून, घट्ट पट्टी, पाय उशीवर आणि दोन-तीन दिवसांनी हळूहळू हालचाल. नंतर एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम. हा शेवटचा भाग सगळे सोडून देतात आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत राहतो. मावशी आमच्याकडं आल्या की गॅसवर दूध तापेपर्यंत एका पायावर उभ्या राहतात, मग दुसऱ्या.

आत्तींच्या पायाचं मात्र काही दुखत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. माझी वीट बघून त्यांनाही शेक घ्यावासा वाटला होता. मधुमेहाच्या डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला एक बारीक नायलॉनचा धागा टोचून, डोळे मिटायला सांगून, कुठं लागतंय ते विचारलं. अंगठ्याला आणि चवड्याला त्यांना कळलंच नाही. मग कंप पावणारा चिमटा घोट्याच्या हाडाला लावला, तोही उशिरा जाणवला. ज्या पायाला काही कळत नाही त्याला तापलेली वीट लागली तर भाजतं, आणि भाजलेलं कळत नाही. मधुमेहाच्या पायाला विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यायचा नाही, गरम पाण्यात पाय बुडवायच्या आधी कोपरानं किंवा दुसऱ्या माणसानं ते तपासायचं. घरातही चप्पल घालायची, रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, भेगांना तेल लावायचं पण बोटांच्या बेचक्यांत नाही, आणि भोवरी ब्लेडनं कापायची नाही. स्वयंपाकघरातल्या चप्पलवरून माझ्याशी वाद घालणाऱ्या आत्तींनी त्या दिवशी स्वतःसाठी तशीच दुसरी जोडी आणायला सांगितली.

माझी टाच आता बहुतेक सकाळी काही बोलत नाही. ताकदीचा व्यायाम मी बंद केलेला नाही, आठवड्यातून दोनदा करते, सॅकमध्ये जोंधळे आधीपेक्षा जास्त असतात. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींच्या दिवसांत पुन्हा दुखलं. तेव्हा सॅक रिकामी केली, पट्टी बांधली, करंज्या बसून भरल्या आणि आठवड्यानं परत वजन घेतलं. पुढच्या महिन्यात आत्तींच्या पायांची वर्षाची तपासणी आहे. तिथं एक धागा मावशींच्या पायालाही लावून बघा असं सांगणार आहे, कारण त्यांची साखर कधी तपासलेलीच नाही.